प्रयोगशाळेतील उमेदवारी

सोनाराकडे मुलगा उमेदवारीला राहतो. आधी शेगडी फुंकतो. मग हळूहळू एखादा डाग हाती येतो. छापखान्यात खिळे जुळवायला पोरे अशीच शिकत. गिरगावकरांना हे काय सांगायचे! शास्त्रज्ञाचेही तसेच आहे. नुसती पुस्तके वाचून संशोधन येत नाही. जाणत्याच्या हाताखाली प्रयोग करावा लागतो, तो फसला तर पुन्हा करावा लागतो.

पण ही उमेदवारी मिळते कोणाला?

कमला भागवत मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. विषय रसायनशास्त्र. १९३३ साली त्यांनी बंगलोरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. संस्थेचे प्रमुख होते नोबेल पारितोषिक मिळवलेले सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांनी साफ नाही म्हटले. कारण काय? तर अर्जदार मुलगी! कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. बंगलोर गाठून त्यांनी जाब विचारला. तेव्हा एक वर्ष अजमावून पाहू, या अटीवर त्यांना घेतले. श्रीनिवासय्या या शिक्षकांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. ते पाहून रामन यांचे मत पालटले. पुढे मुलींना तेथे प्रवेश मिळू लागला. १९३९ साली कमलाबाई केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या. लग्नानंतरच्या या कमला सोहोनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक व नंतर संचालक झाल्या. नीरेवरचे त्यांचे संशोधन नावाजले गेले.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. कमलाबाईंचे वडील आणि काका त्याच बंगलोरच्या संस्थेत शिकलेले होते. अर्ज कोठे करायचा, हे घरातच ठाऊक होते. ज्याचा बाप हातगाडी ओढतो, ज्याची आई चार घरची भांडी घासते, त्याला हे कोण सांगणार?

आज कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था बाहेरच्या कॉलेजांतले विद्यार्थी उन्हाळ्यात कामाला घेते. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळूनही अशी दोन महिन्यांची सोय करतात. विद्यावेतन मिळते. तरी दलित, आदिवासी, गरीब घरच्या मुली तेथे थोड्याच दिसतात. अर्ज इंग्रजीत. शिफारस हवी प्राध्यापकाची, आणि मागच्या बाकावरच्या पोराचे नाव प्राध्यापकाला ठाऊक नसते! शिवाय सुट्टीत पोरगा चार पैसे मिळवतो, ते बुडतात. विद्यावेतन उशिरा आले, तर तोवर खायचे काय? माझ्या मते पैसे आधी हातात ठेवले पाहिजेत.

तुमचे मूल विज्ञान शिकत असेल, तर दिवाळीनंतर लगेच त्याच्या प्राध्यापकांना भेटा. उन्हाळ्याच्या कामाचे अर्ज हिवाळ्यातच भरतात. विचारा, "सर, आमच्या पोरीला कुठं पाठवता येईल? चिठ्ठी तुम्ही द्याल का?"