स्पीकरला साजेसा ॲम्प्लिफायर

घरातल्या स्टिरिओचा आवाज सुधारावा म्हणून नवा ॲम्प्लिफायर घ्यायचे ठरले, की बहुतेकांची नजर प्रथम वॅटच्या आकड्याकडे जाते. परंतु ॲम्प्लिफायरला किती आणि कोणते काम करावे लागणार हे स्पीकरवर अवलंबून असल्यामुळे निवडीची सुरुवात स्पीकरच्या माहितीपत्रकापासूनच व्हायला हवी. त्या पत्रकातील दोन आकडे निर्णायक असतात, संवेदनशीलता आणि इम्पिडन्स.

संवेदनशीलता म्हणजे स्पीकरला ठरावीक विद्युतदाब, बहुधा २.८३ व्होल्ट, दिला असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो याचे माप. ८ ओहमच्या स्पीकरला एवढा दाब दिला म्हणजे १ वॅट शक्ती मिळते. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर शक्ती दुप्पट लागते, १० डेसिबलने वाढवायचा तर दहापट, आणि एवढे करूनही कानाला तो साधारण दुप्पटच मोठा वाटतो. त्यामुळे ४० वॅटचा ॲम्प्लिफायर बदलून ६० वॅटचा आणणाऱ्याच्या पदरात दोन डेसिबलही पडत नाहीत. याउलट स्पीकरमधला फरक फार मोठा असू शकतो. पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेत घडवलेला, खोलीच्या कोपऱ्यात बसणारा कर्णेदार ‘क्लिप्शहॉर्न’ शंभरहून अधिक डेसिबल देतो आणि मोजक्या वॅटांत घर भरून टाकतो, तर बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांतील अपुऱ्या जागेसाठी तयार केलेला ‘एलएस ३/५ए’ हा चिमुकला स्पीकर ८३ डेसिबलच्या आसपासच थांबतो. दोन्ही आपापल्या परीने नामांकित आहेत. मात्र एकाला शोभणारा ॲम्प्लिफायर दुसऱ्याला शोभेलच असे नाही.

सरासरी ऐकण्यासाठी शक्ती थोडीच लागते. तंबोऱ्याच्या सुरावर संथ आलाप चालू असताना मध्यम आवाजात ॲम्प्लिफायर एखादा वॅटही देत नसतो, पण तबल्यावर जोरकस थाप पडते त्या क्षणी मागणी दहा-वीस पटींनी उसळते. ८६ डेसिबलचे दोन स्पीकर आणि तीन मीटरवरचा श्रोता धरला, तर अशा शिखरांना १०० डेसिबलपर्यंत नेण्यासाठी नेहमीच्या दिवाणखान्यात प्रत्येक वाहिनीस सुमारे ५० वॅट हाताशी असावे लागतात. स्पीकर ९२ डेसिबलचे असतील तर बारा-तेरा वॅट पुरतात. मागणी क्षमतेपलीकडे गेली, की लहरींचे माथे कापले जाऊन सपाट होतात. याला क्लिपिंग म्हणतात. त्यातून मूळ संगीतात नसलेले उच्च स्वर निर्माण होतात, सरासरी शक्तीही वाढते आणि ट्वीटरची, म्हणजे उंच स्वरांच्या लहान स्पीकरची, नाजूक तार तापून जळू शकते. म्हणूनच कमी वॅटचा ॲम्प्लिफायर सुरक्षित असतो ही समजूत घातक आहे.

इम्पिडन्स म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण विरोध. तो ओहममध्ये सांगतात, पण ‘८ ओहम’ हा नाममात्र आकडा असतो. प्रत्यक्ष विरोध स्वराच्या कंप्रतेनुसार चढत-उतरत राहतो आणि काही स्पीकरांत खर्जाच्या भागात ४ ओहमच्याही खाली जातो. विरोध निम्मा झाला की त्याच दाबाला दुप्पट प्रवाह पुरवावा लागतो, आणि खरी कसोटी इथेच लागते. भक्कम ट्रान्सफॉर्मर असलेला ॲम्प्लिफायर ८ ओहमला ५० वॅट देत असेल तर ४ ओहमला ८०-९० देतो. दुबळ्याचा आकडा फारसा हलत नाही. १९७८ मध्ये आलेल्या ‘नॅड ३०२०’ या स्वस्त ॲम्प्लिफायरवर छापील शक्ती अवघी २० वॅट होती, तरी कमी ओहमच्या स्पीकरना तो क्षणभर कितीतरी अधिक शक्ती पुरवू शके, आणि त्याच्या लौकिकाचे एक मोठे कारण हेच होते. व्हॉल्व्हच्या, म्हणजे निर्वात नळ्यांच्या, ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत विरोध अधिक असल्याने इम्पिडन्सच्या चढउतारांबरोबर त्याच्या आवाजाचा पोतही बदलतो. अशा ॲम्प्लिफायरसाठी इम्पिडन्स स्थिर असलेले स्पीकर निवडावेत.

छापील आकड्यांकडेही डोळसपणे पाहावे लागते. ‘पीएमपीओ’ या क्षणिक शिखरशक्तीच्या आकड्याला कोणतेही सर्वमान्य मानक नाही, त्यामुळे तो सरळ बाजूला ठेवावा. ‘आरएमएस’ म्हणून दिलेली सलग शक्तीदेखील किती ओहमला, किती विकृतीला आणि दोन्ही वाहिन्या एकाच वेळी चालू असताना मोजली आहे का, हे विचारून घ्यावे; १० टक्के विकृतीला मोजलेले १०० वॅट हे ऐकण्याजोगे १०० वॅट नव्हेत. ‘क्लास डी’ म्हणून ओळखले जाणारे आधुनिक ॲम्प्लिफायर ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असल्यामुळे कमी तापतात आणि लहान घरांत सोयीचे ठरतात, मात्र त्यांच्या जाहिरातींत असे आकडे वारंवार आढळतात.

सध्याचा ॲम्प्लिफायर अवघड भारालाही प्रवाह पुरवत असेल आणि मोठ्या आवाजातही चिरकत नसेल, तर तो बदलून मिळणारा लाभ अल्पच राहील. त्याच पैशांत खोलीत गालिचा व जाड पडदे लावणे किंवा स्पीकरच बदलणे अधिक फलदायी ठरते.