जिभेवर जीभ!

‘आंटी, हॅम मस्तच!’ मैत्रिणीच्या वांद्र्याच्या घरी तिसरं सँडविच उचलत मी म्हटलं. आंटी हसल्या, ‘हॅम नाही रे, टंग आहे.’ बॉस, घास अर्धा तोंडात होता!

आंटी मूळच्या गोव्याच्या. तिकडच्या अनेक ख्रिश्चन घरांत नाताळला ‘सॉल्टेड टंग’ लागतेच. खरी ती बीफची, पण आंटी कोकराच्या छोट्या जिभा आणतात. फोर्कने टोचून मीठ, लिंबाचा रस आणि सोरा चोळायचा. गुलाबी रंग त्या सोऱ्याचाच, पण तो अगदी मोजून, जास्त झाला तर विषारी. फ्रिजमध्ये काही दिवस रोज उलटायच्या, मग खारटपणा जाईपर्यंत पाण्यात भिजवून मऊ शिजवायच्या. साल गरम असतानाच सोलायची, गार झाली की चिकटून बसते. पातळ काप बटरवर परतले, पावात घातले, वर मस्टर्ड. बस्स.

माझा खरा इंटरेस्ट बी-१२मध्ये. गेल्या महिन्यात रिपोर्टमध्ये ते कमी आलं होतं. कोकराच्या १०० ग्रॅम कच्च्या जिभेत ते सुमारे ७ मायक्रोग्रॅम असतं, दिवसाच्या गरजेच्या जवळजवळ तिप्पट! प्रोटीन १५-१६ ग्रॅम. पण फॅटही १७ आणि वर एवढं मीठ. शिवाय २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने प्रोसेस्ड मीटला कॅन्सरकारक गटात टाकलंय. तेव्हा रोजच्या टिफिनमध्ये नाही, नाताळपुरतीच.

आंटींनी डबा भरून दिला. घरी बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या बाबांनी चौथा काप उचलत विचारलं, ‘कसलं मटण रे हे?’ मी आधी डबा उचलला, मग सांगितलं.