शाळा सुटल्यानंतरचे नागरिकशास्त्र

मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणणारी घटनादुरुस्ती १९८९ मध्ये अमलात आली. अठराव्या वर्षी मत देणाऱ्याने त्यापूर्वी एखादा सार्वजनिक प्रश्न स्वतः हाताळलेला असावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. नागरिकशास्त्राच्या तासाला मात्र ग्रामसभेची व्याख्या पाठ होते, ग्रामसभा दिसत नाही.

हे शिक्षण वर्गाबाहेर देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांत खेळ, गाणी आणि श्रमदान यांतून अनेक मुले सार्वजनिक जीवनाकडे वळली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना महाविद्यालयांत आहेच. वर्षाला १२० तास काम ही तिची अट. पण तास भरले की काम झाले, असा समज रूढ झाला. आमच्या तुकडीनेही कैक वर्षे एकच रस्ता झाडला. (हा दोष माझाही.) एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हा कचरा उचलायला ग्रामपंचायत पैसे ठेवते का?” अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मला उत्तर देता आले नाही. त्या वर्षी झाडू बाजूला ठेवून मुलांनी ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक मिळवले, तरतूद आणि खर्च शेजारी शेजारी मांडले. गावच्या मतदारयादीत नाव असलेल्यांनी ग्रामसभेत प्रश्न विचारला. “अभ्यासाकडे लक्ष द्या,” हे उत्तर मिळाले. प्रश्न मात्र इतिवृत्तात नोंदवूनच मुले खाली बसली.

असे उपक्रम आठवी-नववीपासून व्हावेत. मात्र शाळा सुटल्यावर मुले मोकळीच असतात, हे गृहीतक सुखवस्तू घरातले आहे. कुणाला दुकानावर बसायचे असते, कुणाला धाकटी भावंडे सांभाळायची असतात. त्या तासाला किंमत आहे. ती न मोजता योजना आखली, तर ज्यांच्या घरी वृत्तपत्र येते त्यांच्याच मुलांना तिचा लाभ मिळेल. तेव्हा अल्पोपाहार, परतीची बस आणि शिक्षकाचे मानधन यांची तरतूद आधी हवी. जनगणना आणि निवडणुकीच्या कामांनी वाकलेल्या शिक्षकावर आणखी एक बिनमोबदल्याचे ओझे टाकून हे साधणार नाही.

प्रश्न विचारणारी ती विद्यार्थिनी सभा संपेपर्यंत थांबू शकली, कारण तिचे घर त्याच गावात होते. ऐकायला आलेल्या शेजारगावच्या तिघींना उत्तर मिळण्यापूर्वीच उठावे लागले. त्यांची शेवटची एस. टी. साडेपाचची होती.