पाऊस किती आणि पाऊस केव्हा

वसंत सरत आला की आपल्या राहुरीत एकच प्रश्न तोंडोतोंडी होतो : यंदा पाऊस किती? आम्हांस मात्र त्याच्या जोडीने दुसरा एक प्रश्न विचारावासा वाटतो : पाऊस केव्हा?

'मोसमी' हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ ऋतू. उन्हाळ्यात भूमी समुद्राहून लवकर तापते आणि तिच्यावरील हवेचा दाब उतरतो. मग विषुववृत्तापलीकडचे वारे इकडे धाव घेतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात, आणि नैर्ऋत्येकडून पाणी घेऊन येतात. ते देशभर एकाच दिवशी पोहोचत नाहीत. हवामान विभागाने २०२० साली सुधारलेल्या सरासरी तारखा पाहा : केरळ १ जून, मुंबई ११ जून, सारा देश ८ जुलै. परतीचा प्रवास पश्चिम राजस्थानातून १७ सप्टेंबरला सुरू होतो. म्हणजे तेथे पावसाळा जेमतेम दहा आठवड्यांचा! तामिळनाडूच्या किनाऱ्याला तर मुख्य पाऊस मिळतो तो ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत.

आता आपल्या दाराशी येऊ. जुलैत जोरदार पश्चिमी वारे आपले ओझे सह्याद्रीवरच उतरवितात. हरिश्चंद्रगडाकडे धो धो पाऊस पडत असता राहुरीवर नुसते ढग धावतात. म्हणूनच येथील आकाश कोरडे असतानाही मुळेला पूर येतो आणि बारागाव नांदूरचे धरण भरू लागते. सप्टेंबरात वाऱ्याचा जोर ओसरतो, दुपारी ढग उंच चढतात, गडगडाट होतो. आपला खरा पाऊस बहुधा तेव्हाचा. वर्षाकाठी मिळणाऱ्या सुमारे ५०० मिलिमीटरांत या महिन्याचा वाटा मोठा असतो.

आपल्या पूर्वजांनी हे नक्षत्रांत बांधून ठेवले. चांद्र महिने अधिक मासामुळे मागेपुढे सरकतात. पावसाची नक्षत्रे मात्र सूर्याच्या गतीवर मोजलेली असल्याने मृग ७-८ जूनला लागतो आणि हस्त सप्टेंबरच्या अखेरीस. ही गणना शेतीला सोयीची खरी. परंतु नक्षत्र लागले म्हणजे पाऊस लागला असे नव्हे. मृगाच्या पहिल्या सरीवर बाजरी पेरावी, आणि पुढे तीन आठवडे आभाळ कोरडे जावे, म्हणजे बियाणे मातीत गेले. मग दुबार पेरणी, आणि तिच्यासाठी पुन्हा कर्ज. याकरिताच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल मुरल्याखेरीज पेरू नये, असा सल्ला कृषिशास्त्रज्ञ देतात. रब्बीच्या ज्वारीचे गणित उलटे : तिला पुढे पाऊस मिळो न मिळो, उत्तरा-हस्ताची ओल काळ्या जमिनीने धरून ठेवली तर ती तेवढ्यावर पिकते.

याचा अर्थ असा की, दोन वर्षांच्या पावसाची बेरीज सारखी असूनही एक वर्ष सुकाळाचे आणि दुसरे टंचाईचे ठरू शकते. ज्याच्या शेतास कालव्याचे पाणी आहे, तो डोंगरावरच्या जुलैवर जगतो. ज्यास नाही, तो आपल्या आकाशातील सप्टेंबरवर. एकाच तालुक्यातील हे दोन शेजारी. आपण शहरवासी दुकानदार असू, पतपेढीचे सभासद असू. पर्जन्यमापकाची बेरीज वाचून 'यंदा पाऊस बरा झाला' असे म्हणण्यापूर्वी त्यातील तारखाही वाचाव्यात. उधारी केव्हा मागावी आणि केव्हा थांबावे, याचे उत्तर बहुधा तेथेच सापडेल.