उसवायचं, उलटवायचं, पुन्हा शिवायचं

दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांचं पुष्कळसं कापड लष्कराकडे वळलं आणि बाजारात कापडाची टंचाई झाली. 1943 साली सरकारने सुती कापडावर नियंत्रण आणलं, कापडावर कमाल किंमत छापायला लावली आणि गिरण्यांकडून स्वस्त ‘स्टँडर्ड’ कापड विणून घेतलं. कंट्रोलच्या दुकानात मिळायचं ते जाडंभरडं आणि साधं. निवडीला वाव नव्हता. मराठी मध्यमवर्गीय घरांत त्यानंतर तीन-चार दशकं जे घरगुती शिवणकाम बहरलं, त्याची मुळं मला या टंचाईत दिसतात. दुकानातून सगळ्यांना एकसारखंच कापड मिळत असेल, तर त्याला रूप द्यायचं ते घरातच.

जुन्याचं नवं करण्याची सवय त्याआधीही होतीच. लुगडं मध्यभागी विरलं की तेवढा भाग कापून टाकायचा आणि उरलेले दोन तुकडे जोडून दंड घालायचा. तेही विरलं की त्यातून झबली, टोपडी, दुपटी व्हायची आणि शेवटी उरलेलं गोधडीत जायचं. हे सारं सुई-दोऱ्याचं काम. यंत्र आलं तसा त्याचा आवाका वाढला. सिंगर कंपनीने हप्त्यांवर यंत्रं विकली आणि पुढे कोलकात्यात तयार होणारं ‘उषा’ आलं. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही 1924 मध्ये शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं. 1909 साली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवणाचे वर्ग चालवून स्त्रियांच्या हाती कमाईचं साधन दिलं, तर झारापकरांच्या कटिंगच्या पुस्तकांवरून मापं घेऊन कागदावर आखणी करायला कित्येकजणी घरबसल्या शिकल्या.

या कलेचा खरा बहर मला दिसतो तो 1950 ते 1980 या काळात. कापड तेच: मांजरपाट, पॉपलीन, चीट, फार तर वायल. कटपीसच्या दुकानातून सव्वा-दीड मीटरचा तुकडा आणायचा आणि त्यातून फ्रॉक बसवायचा. कापड कमी पडलं तर गळ्याला आणि बाह्यांना दुसऱ्या रंगाची पट्टी लावायची. बघणाऱ्याला वाटावं, मुद्दाम तशीच घातली आहे. फुग्याच्या बाह्या, कंबरेला चुण्या, खिशावर दोन पानं आणि एक फूल. पांढऱ्या मांजरपाटाला घरीच रंग द्यायचा, म्हणजे एकाच ताग्यातून दोन बहिणींचे दोन वेगळे फ्रॉक निघायचे.

फ्रॉकच्या खालच्या घेराला तीन-चार इंचांची दुमड असायची. मुलगी उंच झाली की दुमड उसवून घेर खाली सोडायचा. जुन्या घडीवर उन्हाने आणि धुण्याने फिकट रेघ पडलेली असे. ती झाकायला नागमोडी लेस लावायची. पुढच्या वर्षी कंबर वर चढली की मधे रंगीत पट्टा घालायचा. तीन वर्षांत फ्रॉकचं रूप तीनदा बदले आणि दरवेळी मुलीला तो नवा वाटे. शिवणीतही अर्धा-पाऊण इंच माया सोडलेली असायची. ब्लाउज असो की शर्ट, बदलाची जागा पहिल्या दिवसापासून आत राखलेली असे. आपल्या शिवणकामातली ही सर्वांत शहाणी गोष्ट होती आणि तीच आपण आधी घालवली, असं मला वाटतं.

पुरुषांच्या शर्टाचंही तेच. मानेशी घासून घासून कॉलर विरायची, बाकी शर्ट मात्र धड असायचा. मग कॉलरच्या पट्टीची शिवण नीट उसवायची, कॉलर सोडवून घ्यायची, विरलेली बाजू खाली आणि आतली कोरी बाजू वर करून पुन्हा बसवायची. कॉलरला दोन पदर असल्यामुळे हे जमे. उसवताना घाई केली की कापड फाटणार, बसवताना मध्य चुकला की एक टोक लांब होणार. माझ्या आईचे हात या कामात फार चालायचे. दोन्ही टोकं मानेपाशी जुळवून ती मधोमध एक टाका घालायची आणि मगच यंत्राखाली धरायची. हा मधला टाका मी तिच्याकडूनच शिकले.

सिनेमाने या हातांना नवं काम दिलं. 1973 मध्ये ‘बॉबी’ आला आणि ठिपक्यांच्या कापडाला मागणी आली. बेलबॉटमची लाट आली तेव्हा नवी पँट घेणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांनी जुनीची बाहेरची शिवण गुडघ्यापासून खाली उसवून त्यात त्रिकोणी कळी घातली. कळी दुसऱ्या रंगाची असली तर तीच फॅशन ठरायची.

यात कष्ट होते आणि ते बाईचे होते, हे विसरता येणार नाही. घरातलं सगळं आवरून रात्री यंत्रावर बसायचं आणि त्या कामाची मोजदाद कुणी ठेवायची नाही. शाळेत शिवण मुलींनाच होतं. त्या काळाबद्दल मला जिव्हाळा आहे, पण ही वाटणी अन्यायाचीच होती.

मग 1982 उजाडलं. 18 जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. गिरणीच्या सुती कापडाची जागा यंत्रमागावरच्या मिश्र आणि कृत्रिम कापडाने घेतली. ते टिकाऊ होतं, इस्त्री फारशी लागत नव्हती, नोकरी करणाऱ्या बाईला त्याचा मोठा आधार झाला. पण त्यावर घरगुती रंग चढत नाही, दुमड बोटाने दाबून बसत नाही, आणि टीप उसवली तर सुईची भोकं दिसत राहतात. शिवाय ते विरत नाही. कपडा विरलाच नाही तर त्याचं दुसरं काही करायची वेळ येत नाही. असे न फाटलेले, पण नकोसे झालेले कपडे बोहारणीकडे जाऊ लागले आणि त्यांच्या बदल्यात घरात स्टीलची पातेली आली.

1991 नंतर तयार कपड्यांचा पूर आला. आज मिळणारा स्वस्त कुर्ता उलटा करून पाहा. कडा ओव्हरलॉकने कापून तिथेच बंद केलेल्या, शिवणीत अगदी थोडं कापड, खालची दुमड बोटभरही नाही. सैल कपडा आत घेता येतो. घट्ट झालेला सोडायला आत काही उरलेलंच नसतं. कपडा स्वस्त झाला खरा, पण दुरुस्तीची वाट त्याने बंद केली.

2020 च्या टाळेबंदीत झाकून ठेवलेली यंत्रं पुन्हा बाहेर आली. जुन्या सुती साड्यांचे मास्क घरोघर शिवले गेले, बचत गटांनी ते विकले. त्या निमित्ताने यंत्रावर बसलेल्या काहीजणी पुढेही शिवत राहिल्या. आता साध्या सुती कुर्त्याला खणाचा गळा, इरकलीच्या काठाची बाही, पैठणीच्या पदराचं जाकीट हे सर्रास दिसतं. तरुण मुली व्हिडिओ पाहून हे करतात आणि छान करतात. त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. कुर्ता आणि जोडायचं कापड आधी वेगवेगळं भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यात एक आटेल आणि दुसरं गोळा होईल. आणि कुर्ता उसवल्यावर मिळेल तेवढं जादा कापड आत राहू द्या, कापून फेकू नका.

शाळांच्या कार्यानुभवात हे काम मुलगे आणि मुली दोघांनाही शिकवायला हवं: बटण लावणं, काज करणं, दुमड सोडणं, दोन कापडं जोडणं. त्यासाठी महागडी सामग्री लागत नाही. मात्र कॉलर उलटवणारे, दंड घालणारे हात आता सत्तरीच्या पुढे गेले आहेत. तुमच्या घरात अशी आई, आजी, मावशी असेल तर या सुट्टीत एखादा जुना शर्ट घेऊन तिच्याशेजारी बसा आणि ती सांगेल तसं स्वतःच्या हाताने करा.