लांडग्याच्या तोंडचा घास

बर्फात रुतलेला मूस आणि त्याच्याभोवती लांडग्यांचे कडे, असे दृश्य वन्यजीवनावरील माहितीपटात पाहताना ‘चित्रीकरण करणारे त्याला वाचवत का नाहीत?’ हा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्यामागील करुणा खरी आहे. मात्र शिकार थांबली की मृत्यू टळला, हे त्यातील गृहीतक तपासून पाहावे लागते. अमेरिकेतील आइल रॉयल बेटाचा इतिहास त्या दृष्टीने उद्बोधक आहे.

सुपीरियर सरोवरातील हे बेट मिशिगन राज्यात मोडते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या सरोवरावरून लांडगे तेथे पोहोचले. हरणांच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी असलेला मूस तेथे आधीपासूनच होता. १९५८ पासून या दोहोंचा अभ्यास सुरू आहे. लांडग्यांच्या तावडीत प्रामुख्याने पिल्ले आणि सांधे झिजलेले वृद्ध मूस सापडतात, असे त्यातून दिसून आले.

१९८० मध्ये ५० असलेले लांडगे दोन वर्षांत १४ वर आले. माणसासोबत आलेल्या कुत्र्यामुळे पसरलेला पार्व्होविषाणू त्यास कारणीभूत मानला जातो. पुढे मूस बेसुमार वाढले, झाडोरा अपुरा पडला आणि १९९६ च्या कडक हिवाळ्यात बहुसंख्य मूस उपासमारीने मेले. लांडग्याचा दात चुकला. भूक चुकली नाही.

२०१६ पर्यंत दोनच लांडगे उरले. हवामान उबदार होत गेल्याने सरोवरावर बर्फाची वाटही क्वचितच तयार होऊ लागली. अखेर राष्ट्रीय उद्यान सेवेने २०१८-१९ मध्ये १९ लांडगे आणून सोडले. अरण्याला त्याच्या गतीने जाऊ द्यावे, असे म्हणणाऱ्यांचा याला विरोध होता. तरीही माणसाने हस्तक्षेप केला, आणि तो शिकार थांबवण्यासाठी नव्हे, तर टिकवण्यासाठी.

अर्थात, एकट्या पिलाच्या वेदनेला या हिशेबात उत्तर नाही. शिबी राजाने कबुतराला अभय दिले, तेव्हा ससाण्याची भूकही खरी मानली आणि तिची किंमत स्वतःच्या मांसाने चुकवली. माणसाच्या फासात अडकलेल्या किंवा वाहनाखाली जखमी झालेल्या प्राण्याला सोडवणे हे कर्तव्यच होय, कारण ते दुःख माणसाने निर्माण केलेले असते. लांडग्याच्या तोंडचा घास काढून घेणाऱ्याने मात्र त्याच्या उपाशी पिलांना काय द्यायचे, हे आधी ठरवलेले असावे.