स्वमग्न मुले आणि खेळाचे मैदान

शाळेत खेळाच्या तासाची घंटा झाली की वर्ग मैदानाकडे धावतो आणि पुष्कळदा एखादे मूल पडवीत मागे राहते. त्याला कोणी हाकलून दिलेले नसते. त्याला चेंडू झेलता येत नाही, खेळाचे नियम त्याच्या ध्यानी येत नाहीत, शिट्टी वाजली की ते कानांवर हात ठेवते. म्हणून सर्वांच्या चपला सांभाळण्याचे काम त्याच्याकडे सोपविण्यात आलेले असते. सोपविणाऱ्याच्या मनात बहुधा दयाच असते. परंतु ज्याला खेळाची गरज सर्वांत अधिक, तेच मूल अशा रीतीने खेळापासून वंचित होते. स्वमग्न मुलांच्या बाबतीत हे वारंवार घडते.

स्वमग्नता हा आजार नव्हे. मेंदूच्या वाढीशी निगडित अशी ती एक आयुष्यभराची अवस्था आहे. १९४३ साली अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. इतरांशी संवाद साधण्यात अडचण, एकच कृती पुनःपुन्हा करण्याची ओढ, ठरलेल्या क्रमात बदल झाल्यास होणारी अस्वस्थता आणि आवाज, स्पर्श, प्रकाश यांविषयी कमीअधिक संवेदनशीलता ही तिची ठळक लक्षणे होत. तथापि कोणतीही दोन स्वमग्न मुले सारखी नसतात. एखादे मूल शब्दही उच्चारीत नाही, तर दुसरे रेल्वेचे वेळापत्रक मुखोद्गत म्हणून दाखविते. आईच्या मायेतील उणिवेमुळे मूल असे होते, हा विचार मागील शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांत प्रचलित होता. तो पुढे साफ चुकीचा ठरला. आपल्याकडे मात्र अद्यापही अनेक घरांत हा दोष सुनेच्या पदरी घातला जातो. गावातील जाणत्या मंडळींनी एवढा एक गैरसमज दूर केला तरी त्या माउलीवर मोठे उपकार होतील.

शरीराच्या हालचाली आणि सोबत्यांशी संबंध

स्वमग्नतेचा विचार करताना बोलणे आणि वागणे यांकडेच लक्ष जाते. शरीराच्या हालचालींकडे दुर्लक्ष होते. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या डॉ. अंजना भट यांनी सुमारे १२ हजार स्वमग्न मुलांच्या पालकांनी भरून दिलेल्या प्रश्नावलीचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे ८७ टक्के मुलांमध्ये हालचालींच्या समन्वयात अडचण असण्याचा संभव दिसून आला. त्यासाठी भौतिकोपचार मात्र साधारणतः एकतृतीयांश मुलांनाच मिळत होता. चवड्यांवर चालणे, जिना उतरताना चाचरणे, एका पायावर उभे राहता न येणे, सदऱ्याची गुंडी लावताना बोटे अडखळणे, ही त्याची नित्याची रूपे होत.

चेंडू झेलणे ही क्रिया वरवर साधी दिसते. तथापि चेंडू कोठे पडेल याचा अंदाज घेणे, पाय तेथवर नेणे, हात नेमक्या क्षणी पुढे करणे व बोटे मिटणे, एवढे सर्व एका निमिषात जुळून यावे लागते. हे ज्याला जुळत नाही त्याला कोणी आपल्या संघात घेत नाही. आणि संघ म्हणजे तरी काय? आपली पाळी येईपर्यंत थांबणे, सोबत्याच्या नजरेवरून त्याचा बेत ओळखणे, हरल्यावर न चिडता पुन्हा डाव मांडणे. सर्वसाधारण मुले हे व्यवहार मैदानावरच, कोणी न शिकविता शिकतात. स्वमग्न मुलाला ते मुद्दाम शिकवावे लागतात, आणि त्यालाच मैदान बंद असते. हालचालीतील उणीव व एकटेपण या दोहोंची अशा रीतीने एकमेकांत भर पडत जाते.

संशोधनाचा निष्कर्ष

इराणमधील इस्फहान येथील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उल्लेखनीय आहे. ५ ते १६ वर्षे वयाच्या ३० स्वमग्न मुलांपैकी निम्म्यांना त्यांनी आठवड्यातून ४ वेळा, याप्रमाणे १४ आठवडे कराटेतील 'काता' शिकविले. काता म्हणजे प्रतिस्पर्ध्यावाचून, ठरलेल्या क्रमाने करावयाच्या हातापायांच्या हालचाली. हात फडफडविणे, अंग डोलविणे यांसारख्या पुनरावृत्त कृती या मुलांमध्ये बऱ्याच कमी झाल्या आणि शिक्षण थांबविल्यानंतर एक महिन्यानेही तो फरक टिकून होता. याच उपक्रमाने मुलांच्या सामाजिक वागणुकीतही सुधारणा झाल्याचे २०१३ साली नमूद करण्यात आले. तैवानमध्ये १६ मुलग्यांना १० आठवडे पोहण्याचे शिक्षण देण्यात आले, तेव्हाही जलकौशल्याबरोबरच वर्तनात सुधारणेची चिन्हे आढळली.

हे प्रयोग लहान आहेत. त्यांवरून कोणी चमत्काराची अपेक्षा करू नये. व्यायामाने स्वमग्नता 'बरी' होत नाही आणि तसे आश्वासन देणाऱ्यांपासून पालकांनी दूर राहणेच श्रेयस्कर. तसेच हात फडफडविणे बंद पाडणे हे खेळाचे उद्दिष्ट मानू नये. पुष्कळ मुलांना त्यातून शांतता लाभते व त्याचा कोणास उपद्रवही होत नाही. मूल सोबत्यांत किती रमते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

आपले खेळ, थोड्या बदलाने

काताचे वैशिष्ट्य त्याच्या ठरीव क्रमात आहे. पुढे काय येणार हे मुलाला ठाऊक असते, म्हणून त्याचे मन स्थिर राहते. आपल्या शाळांतून चालणाऱ्या सूर्यनमस्कारांत व लेझमीतही हाच गुण आहे. लेझमीत तर सर्वांनी एकाच वेळी एकच हालचाल करावयाची असते. शेजाऱ्याकडे पाहून पाऊल टाकणे त्यात आपोआप येते. अडचण आहे ती आवाजाची. लेझमीचा खणखणाट आणि हलगीचा कडकडाट एखाद्या मुलाला असह्य होतो. अशा वेळी प्रथम हाती साधी काठी देऊन, वाद्य दूर ठेवून चार पावलेच शिकवावीत आणि आवाज दिवसागणिक जवळ आणावा.

खो-खोचा विचार अधिक सावधपणे करावा लागतो. या खेळात बसलेल्या खेळाडूला पाठीमागून स्पर्श करून 'खो' देतात. पाठीमागून अवचित झालेला स्पर्श कित्येक स्वमग्न मुलांना दचकवितो. मूल ओरडते आणि खेळ मोडतो. शिवाय धावण्याची दिशा क्षणात ठरवावी लागते. म्हणून खो-खो हा आरंभीचा खेळ नव्हे. लगोरी त्या मानाने सोयीची. वस्तू एकावर एक रचण्याची आवड असणाऱ्या मुलाकडे लगोऱ्या लावण्याचे काम द्यावे, चेंडू कापडी घ्यावा आणि प्रारंभी फक्त दोन सोबती असावेत. तोल साधण्यासाठी जमिनीवर चुन्याची रेघ ओढून तीवरून चालविणे, पुढे तीवर लंगडी घालावयास लावणे, हा बिनखर्चाचा मार्ग आहे.

काही गोष्टी सर्वच खेळांना लागू आहेत. खेळाची जागा व वेळ ठरलेली असावी. आज काय काय करावयाचे ते चित्रांच्या क्रमाने फळ्यावर दाखवावे. शिट्टीऐवजी रंगीत निशाण वापरावे. सूचना लांबलचक न देता कृती करून दाखवावी. मूल गोंधळले तर त्यास ओढून न नेता झाडाखाली थोडा वेळ बसू द्यावे व नंतर पुन्हा बोलवावे. सोबती निवडताना हुशार मुलापेक्षा धीराचा मुलगा वा मुलगी निवडणे हिताचे ठरते.

येथे एका धोक्याचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. अनेक स्वमग्न मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते, आणि ती कोणास न सांगता घरातून किंवा शाळेतून निघून जातात. शाळेजवळील विहिरीस कठडा, शेततळ्यास कुंपण आणि मैदानास फाटक असणे ही म्हणूनच ग्रामपंचायतीने तातडीने पाहावयाची बाब आहे. काही मुलांना फेफरेही येते. अशांना पाण्यात किंवा उंचावर क्षणभरही एकटे सोडू नये.

कायदा व यंत्रणा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये मान्य झालेल्या २१ दिव्यांगत्व प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. ठरावीक प्रमाणातील दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलास नजीकच्या अथवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क या अधिनियमाने दिला असून, क्रीडाप्रकारांत दिव्यांगांच्या सहभागाची तरतूदही त्यात आहे. तेव्हा स्वमग्न मुलास खेळाच्या तासाला घेणे ही शिक्षकाची मेहरबानी नव्हे. बालकांच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांना व शाळांना भेट देतात. हा कार्यक्रम २०१३ साली पालघर येथून सुरू झाला. शंका आल्यास पथकामार्फत मुलास जिल्ह्याच्या उपचार केंद्राकडे पाठविता येते. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. मऊ चेंडू, सतरंज्या, तोल साधण्याची लाकडी फळी यांचा खर्च त्या मानाने अगदी किरकोळ आहे.

प्रगती मोजण्यास मोठे साहित्य लागत नाही. एका वहीत तारीख, मूल किती मिनिटे खेळात टिकले, पाळीसाठी किती वेळ थांबले, कोणाबरोबर खेळले आणि कशाने बिचकले, एवढे लिहिले तरी पुरे. पहिल्या महिन्यात या नोंदींत फारसा फरक दिसणार नाही. शिक्षकाची बदली झाल्यास ही वही दाखल्यांच्या कपाटात न ठेवता नव्या शिक्षकाच्या हाती द्यावी. अन्यथा त्या मुलाला लंगडीच्या पहिल्या रेघेपासून पुन्हा आरंभ करावा लागतो.